बुटका आंबा

माणसाच्या आयुष्याचे आणि झाडाच्या आयुष्याचे गणित सहसा जुळत नाही. आजोबांनी लावावे, बापाने राखावे आणि नातवाने फळ खावे, ही झाडांची जुनी रीत. आपल्याकडे ती आंब्याला लागू, तर थंड मुलुखात नासपतीला. नासपती लावायची ती वारसदारांसाठी, अशा अर्थाची म्हणच इंग्रजीत आहे. पण माणूस मोठा उतावळा प्राणी! त्याने नासपतीचे कलम क्विन्स नावाच्या, तिच्याच नात्यातल्या एका ठेंगण्या झाडाच्या खुंटावर बांधले. झाड बुटके राहिले आणि फळेही लवकर देऊ लागले. युरोपातल्या घरामागच्या टीचभर बागेत नासपती आली, आणि लावणाऱ्याच्या स्वतःच्या ताटातही आली.

पुण्यात नासपतीचे नाव काढण्यात अर्थ नाही. तिला हवी तशी लांबलचक थंडी इथे कोण पुरवणार? आमच्या घरापुढे १५ फूट लांब नि १० फूट रुंद असे एक अंगण आहे. त्यात आंबा हवा, असे आमच्या सौ.च्या मनाने घेतले. "आंबा अंगणात लावला, तर आपण राहायचं कुठे?" असे मी विचारले. उत्तर म्हणून २०२१ च्या जूनमध्ये ती नर्सरीतून आम्रपालीचे कलम घेऊन आली.

ही आम्रपाली मोठी गुणाची. उत्तरेची दशहरी आणि दक्षिणेची नीलम यांच्या संकरातून दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत १९७१ साली ती जन्माला आली. नासपतीचा बुटकेपणा खुंटातून येतो. हिचा तो जातीचाच. एरवी दहा-दहा मीटरवर आंबा लावला, तर हेक्टरी १०० झाडे बसतात. आम्रपाली अडीच-अडीच मीटरवर लावली, की १६०० मावतात. एक वर्ष फळायचे आणि दुसऱ्या वर्षी दडी मारायची, ही हापूसची खोडही तिला नाही.

हे सगळे मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोठ्या उत्साहाने सांगितले. अण्णा तेव्हा ७९ वर्षांचे होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरामागे एक रायवळ आंबा होता. त्यांच्या आजोबांनी लावलेला. दोघांनी हात पसरले तरी कवेत न येणारा. एका पावसाळ्यात तो उन्मळून पडला, त्यानंतर अण्णांनी गावच्या आंब्यांचा विषय काढणेच सोडून दिले होते. त्यांनी गुडघ्याएवढ्या कलमाकडे पाहिले आणि विचारले, "हा आंबा की तुळस?"

मी मराठीचा मास्तर. म्हणून शब्दाच्या वाटेने गेलो. 'कलम' म्हणजे लेखणी, कलम म्हणजे कायद्यातला एक मुद्दा आणि कलम म्हणजे हे झाडही. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुझं ते कायद्याचं कलम राहू दे. याच्या जोडाखाली फूट आली आहे, ती आधी काढ."

तेव्हापासून झाड त्यांच्या ताब्यात गेले. आळे, शेणखत, दुपारच्या उन्हातली सावली, सगळे तेच पाहू लागले. पुढच्या जानेवारीत त्या एवढ्याशा झाडावर मोहोर आला! घरभर आनंद झाला. पण नर्सरीवाल्याने बजावून ठेवले होते, की पहिली दोन वर्षे मोहोर खुडून टाकायचा. नाहीतर फळांपायी झाडाची वाढ खुंटते.

रात्री सौ. हळूच म्हणाली, "एक तुरा ठेवू या का? अण्णांना निदान..." पुढचे वाक्य तिने पुरे केले नाही आणि मीही केले नाही. ७९ वर्षांच्या माणसाच्या घरात 'दोन वर्षे थांबा' हे शब्द कसे उच्चारावेत, ते आम्हांला कळेना.

सकाळी अंगणात येऊन पाहतो, तर अण्णा स्टुलावर बसून एकेक तुरा नखाने खुडत होते आणि मांडीवरच्या पंचात ठेवत होते. एकही तुरा उरला नव्हता.

"अण्णा, एखादा राहू द्यायचा होता."

"का? मला कुठे गाडी पकडायची आहे?"

दुसऱ्या वर्षीही त्यांनीच मोहोर खुडला. झाड बुटके असले, लवकर फळणारे असले, तरी थांबणे काही चुकले नव्हते. आणि त्या थांबण्याचा धसका आम्हां दोघांनाच होता. ज्यांनी धसका घ्यायचा, ते निवांतपणे आळे भरत होते.

२०२४ मध्ये मोहोर ठेवला. त्यातला बहुतेक गळाला, तसा तो गळतोच. शेवटी सात आंबे राहिले. बाजारातला हापूस संपल्यावर, जूनअखेर ते उतरले. पहिला अर्थातच अण्णांना दिला. आतून केशरी, दाट, बेताची कोय. सावकाश खाऊन झाल्यावर अण्णांनी निकाल दिला, "हापूस नव्हे. पण गोड आहे."

मग त्यांनी कोय धुतली आणि तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरायला मला सांगितले. रोप झाल्यावर ते गावी, पडलेल्या रायवळाच्या जागी लावायचे होते.

"अण्णा, कोयीचं झाड आईच्या वळणावर जाईलच असं नाही. उंच वाढेल कदाचित. फळाला आठ-दहा वर्षंही लागतील."

"मग बरंच की," अण्णा म्हणाले, "तिथे जागा पुष्कळ आहे."

२०२५ च्या पावसाळ्यात ते रोप आम्ही गावी नेऊन लावले. ते किती वाढले, याची अण्णा शेजाऱ्यांकडे फोनवरून चौकशी करतात. फळ कधी धरेल, हे मात्र त्यांनी अजून कोणाला विचारलेले नाही.