दुहेरी कुलूप

कोषागाराच्या स्ट्राँगरूमला दुहेरी कुलूप असते. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघेही उपस्थित असल्यावाचून दार उघडत नाही. शासकीय सेवेत त्यांतील एक किल्ली मी वर्षानुवर्षे सांभाळली.

गतवर्षी थोरल्या बहिणीचे, आक्काचे, ई-मेल खाते कुणीतरी बळकावले. दिवंगत भाऊजींनी परदेशी मुलाकडून तिला लिहिलेली पत्रे त्यात होती. नातवाचे नाव व जन्मसाल हा तिचा पासवर्ड. बँकेसाठी तोच, साड्यांच्या दुकानाच्या संकेतस्थळावरही तोच.

मी म्हटले, "आक्का, एका दुकानातून किल्ली चोरीस गेली, की चोर ती सगळ्या दारांना लावून पाहतो. हे काम यंत्र करते. चार अंकी आकड्याच्या १०,००० शक्यता त्याला क्षणाचा खेळ. म्हणून प्रत्येक दाराची किल्ली वेगळी हवी आणि लांब हवी: एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द. वहीत लिहून कपाटात ठेव. दूरदेशीच्या चोराचा हात तिथवर पोहोचत नाही. ओटीपी ही दुसरी किल्ली. बँकेचे नाव सांगणाऱ्यालाही ती द्यायची नाही."

खाते परत मिळाले नाही. पत्रे गेली ती गेलीच. सरकारी किल्ली जिवापाड जपणाऱ्या मला हे चार शब्द वेळेवर सांगण्याचे सुचले नाही, याची खंत राहिली.

पुढे मी सहज विचारले, "नवा पासवर्ड काय ठेवलास?"

"कुणालाही सांगायचा नाही ना?" आक्का म्हणाली.

मी निरुत्तर झालो, आणि निश्चिंतही.