हाफ पँट, लेगिंग आणि आपण

तालुक्याच्या शालेय कबड्डी स्पर्धेत मैदानाबाहेरच्या पायरीवर आमची एक विद्यार्थिनी बसली होती. लेगिंग काढून आत जायचं की बाहेरच बसायचं, एवढाच प्रश्न तिच्यासमोर होता. मी तिला म्हणाले, "काढ ना बेटा, अर्ध्या तासाचा तर खेळ आहे." याला आता तीन वर्षं झाली. ते वाक्य आठवलं की अजून कसंतरी होतं, म्हणून आज लिहायला घेतलं.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. खेळाशी माझा संबंध एवढाच की मुलींचा संघ बाहेरगावी जाताना सोबत बाई शिक्षिका लागते. ती मुलगी आठवीत होती, आमच्याच मोहल्ल्यातली. चढाईला गेली की समोरच्या पोरी मागे सरकायच्या. घरून परवानगी मिळाली होती ती एका अटीवर: हाफ पँटखाली काळी लेगिंग आणि डोक्याला रुमाल. रुमालाला पिन नव्हती, मागे घट्ट गाठ मारलेली होती. तेवढं मी स्वतः तपासलं होतं, कारण पकडीत पिन कुणाच्या डोळ्यात गेली तर काय, ही भीती खोटी नाही. पंचांनी रुमाल चालवून घेतला. पण संघाचा ड्रेस सारखा पाहिजे म्हणाले. एकीला लेगिंग आणि बाकीच्यांना नाही, असं जमणार नाही; काढा, नाहीतर बदली मुलगी उतरवा. माणूस उद्धट नव्हता. त्याच्या मागे अजून सहा मॅच रांगेत होत्या.

ती खेळली नाही. आम्ही हरलो. परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून बसली आणि गाव येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिची अम्मी शाळेत आली. भांडली नाही. "मॅडम, आपके भरोसे भेजा था," एवढंच म्हणाली. मला वाटलं तिची तक्रार पंचांबद्दल आहे, म्हणून मी नियम समजावून सांगू लागले. मग लक्षात आलं, तक्रार माझ्याबद्दल होती. पोरीने घरी सांगितलं होतं की मॅडमनेच काढ म्हटलं.

माझं स्वतःचं या बाबतीतलं शिक्षण कसं झालं तेही सांगते. 2005 साली मी बीएड करत होते. त्याच वर्षी सानिया मिर्झा अमेरिकन ओपनच्या चौथ्या फेरीत पोहोचली आणि त्याच सुमारास एका मौलानांनी तिच्या स्कर्टवर फतवा काढला. आमचे अब्बू टीव्हीसमोर बसून तिची मॅच बघायचे आणि जाहिरात लागली की फतव्याला दुजोरा द्यायचे. दोन्ही अगदी मनापासून. इकडे आमच्या बीएड कॉलेजात मुलींना साडी सक्तीची होती, क्रीडा दिनालासुद्धा. मुलांसाठी शंभर मीटर आणि गोळाफेक, आमच्यासाठी संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा. कारण काय, तर साडीत पळता येत नाही. मग साडी नेसायला लावली कुणी, हे विचारायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. लिंबू-चमच्यात माझा दुसरा नंबर आला. बक्षिसाचा स्टीलचा डबा अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे, त्यात मी लवंग-विलायची ठेवते.

पुढे 2018 च्या जूनमध्ये पुण्याच्या सौम्या स्वामिनाथनची बातमी आली. आशियाई सांघिक बुद्धिबळ स्पर्धा इराणमधल्या हमादानला होणार होती. तिथे बायकांना डोकं झाकणं सक्तीचं, म्हणून तिने संघातून नाव मागे घेतलं. 2009 ची कनिष्ठ गटातली जगज्जेती मुलगी. देशाच्या संघातली जागा आपणहून सोडणं सोपं नसतं. स्टाफरूममध्ये एका सरांनी पेपर माझ्यासमोर सरकवला, "वाचलं का मॅडम?" जणू इराणचा कायदा माझ्याच सहीने निघाला होता. मी म्हटलं, तिने बरोबर केलं. सरांचा चेहरा पडला, त्यांना वाद हवा होता. संध्याकाळी मोहल्ल्यात मी तेच बोलले तर शेजारच्या खालाजान म्हणाल्या, "थोडी देर ओढ लेती तो क्या बिगड जाता?"

थोडी देर. चार वर्षांनी त्या पायरीवर मीही तेच बोलले होते, फक्त उलट बाजूने. सौम्याने घालायला नकार दिला, आमच्या पोरीने काढायला. दोघींच्याही जागी दुसरं कुणीतरी खेळलं.

आणि आपली माणसं! 2018 ला सौम्याचं कौतुक करणारे आमचे सर 2022 मध्ये कर्नाटकातल्या वर्गांमधून हिजाबवाल्या मुली बाहेर काढल्या तेव्हा म्हणाले, नियम म्हणजे नियम. आणि 2022 मध्ये "मुलीची मर्जी, तिचा हक्क" असे स्टेटस ठेवणारे मोहल्ल्यातले भाऊजान सौम्याच्या वेळी गप्प होते. 2022 च्या शेवटी इराणची सारा खादेम अल्माटीच्या जागतिक स्पर्धेत डोकं न झाकता खेळायला बसली, तेव्हाही त्यांचं स्टेटस बदललं नाही. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी फ्रान्सने आपल्या खेळाडूंना हिजाब बंद केला आणि सुनकांबा सिला ही रिले धावणारी मुलगी उद्घाटनाला टोपी घालून गेली, त्यावर मात्र दिवसभर फॉरवर्ड फिरत होते. मुलीची मर्जी आपल्या मर्जीशी जुळली तरच आपण तिला मर्जी म्हणतो की काय, कोण जाणे. यात मीही आले.

हे फक्त डोक्यावरच्या कपड्याचं असतं तर धर्माचा वाद म्हणून सोडून देता आलं असतं. पण 2021 च्या जुलैमध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघाला दीड हजार युरो दंड झाला, तो मुली बिकिनीऐवजी शॉर्ट घालून खेळल्या म्हणून. पुरुषांना शॉर्ट चालत होती; बायकांची बिकिनी बाजूने दहा सेंटिमीटरपेक्षा रुंद नको, असं नियमपुस्तकात लिहिलेलं होतं. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलला. 2011 मध्ये बॅडमिंटनच्या जागतिक संघटनेने बायकांना स्कर्ट सक्तीचा करायचं ठरवलं होतं, खेळ आकर्षक दिसावा म्हणून. ओरड झाली, पुढे तो नियम गुंडाळला. त्याच 2011 च्या जूनमध्ये इराणच्या फुटबॉल संघाला जॉर्डनमध्ये ऑलिंपिक पात्रतेचा सामना खेळू दिला नाही, कारण मुलींनी डोकं झाकलं होतं. म्हणजे एकाच वर्षी एका खेळात अंग दाखवा आणि दुसऱ्या खेळात डोकं दाखवा. फुटबॉलवाल्यांनी 2014 मध्ये आणि बास्केटबॉलवाल्यांनी 2017 मध्ये डोकं झाकायला परवानगी दिली. तोवर किती मुलींचं खेळायचं वय निघून गेलं असेल!

नियम नसला तरी नजर असतेच. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख 2024 च्या जानेवारीत नेदरलँड्समध्ये खेळून आली आणि तिने उघड लिहिलं की प्रेक्षक तिचे डाव सोडून कपडे, केस, बोलण्याची ढब बघतात. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढल्या वर्षी तिने विश्वचषक जिंकला.

आमच्या त्या प्रकरणानंतर मी पुढच्या हंगामात मोठी हुशारी केली. ड्रेस सारखाच पाहिजे ना? मग अख्ख्या संघाला काळ्या ट्रॅक पँट! वर्गणी काढली, कापड आणलं, शिंप्याकडे शिवून घेतल्या. पहिल्याच सरावाला जिवतीकडची एक गोंड मुलगी, मावशीकडे राहून शिकणारी, पँट गुडघ्याच्या वर गुंडाळून आली. "मॅडम, याच्यात लय गरम होते. पाय अडकते. मले हाफ पँटच बरी." मी म्हटलं, सगळ्यांनी सारखं घालायचं ठरलंय. ती म्हणाली, "कोनं ठरवलं?"

मीच ठरवलं होतं. तिला विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लेगिंगवालीलाही मी कधी विचारलं नव्हतं. तिच्या घरच्यांची अट मला माहीत होती, पंचांची अट माहीत होती. तिला स्वतःला काय हवं होतं ते मला आजही माहीत नाही.

2023 च्या डिसेंबरमध्ये बल्लारपूरजवळच्या विसापूरच्या क्रीडा संकुलात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली. आम्ही मुलींना बघायला नेलं. देशभरातल्या मुली तोकड्या शॉर्टमध्ये धावत होत्या. मी शर्यत कमी आणि आमच्या पोरींचे चेहरे जास्त बघत होते. ओढणी घेतलेल्या एकीने माझा हात दाबला, मला वाटलं आता काहीतरी म्हणणार. ती म्हणाली, "मॅडम, वो तीसरी वाली देखो, शुरू में कितनी पीछे थी!"

यंदा आम्ही दोन्ही ठेवलं आहे. वर एकच जर्सी, खाली काळी हाफ पँट, आणि जिला हवी तिला त्याच काळ्या रंगाची लेगिंग. पाठीवरचे नंबर ठळक. स्पर्धेआधी आयोजकांना रीतसर पत्र दिलं आहे, पोच घेऊन ठेवली आहे.

पायरीवर बसलेली ती मुलगी आता अकरावीत आहे. कबड्डी तिने तेव्हाच सोडली. परवा तिची धाकटी बहीण सरावाला आली. रुमालाची गाठ दोनदा ओढून बघितली आणि मला विचारलं, "मॅडम, बाहर तो नहीं बिठाएंगे ना?" मी पत्राचं सांगितलं. उत्तर अजून आलेलं नाही, मॅच पुढच्या गुरुवारी आहे.