शेवाळाने बांधलेला दगड

शेवाळ या शब्दाला आपल्या भाषेत फारसा मान नाही. घाटाची पायरी निसरडी झाली की आपण शेवाळाला नावे ठेवतो. हौदाचे पाणी हिरवे झाले की खराटा घेऊन ते खरवडून टाकतो. चंद्रपूरच्या आमच्या घरी हे काम माझ्याकडे असे. आज घासून लख्ख केलेल्या दगडावर आठ दिवसांत तो बुळबुळीत थर पुन्हा उमटे. त्याच्या या चिवटपणाने पूर्वी केवढे काम केले आहे, हे कळले तेव्हा मी थक्क झालो.

आमचा जिल्हा कोळशासाठी प्रसिद्ध आहे, तसाच चुनखडीसाठीही. राजुरा आणि कोरपना या तालुक्यांत चुनखडीच्या खाणी आहेत, गडचांदूरच्या बाजूला सिमेंटचे कारखाने आहेत. पैनगंगेच्या खोऱ्यातील ही चुनखडी कोट्यवधी वर्षांपूर्वी येथे असलेल्या समुद्राच्या तळाशी साचली. तिचे थर बहुतांशी सपाट आणि पातळ आहेत. ते खोल, शांत पाण्यात जमले असावेत, असे भूशास्त्रज्ञ मानतात. परंतु गडचिरोलीच्या सीमेवरून वाहणाऱ्या इंद्रावतीच्या काठाने वर जगदलपूरकडे गेले, की तशाच प्राचीन खडकांत एक निराळीच आकृती आढळते. दगड आडवा कापला तर आत कांद्यासारखी वर्तुळे दिसतात. उभा कापला तर एकावर एक पालथ्या घातलेल्या वाट्या दिसतात. या खडकांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. १९०८ साली एर्न्स्ट काल्कोव्स्की या जर्मन शास्त्रज्ञाने हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ होतो अंथरुणाचा दगड. मला मात्र त्याकडे पाहून आजीच्या गोधडीची आठवण होते. तशीच घडीवर घडी, थरावर थर!

ही गोधडी शिवणारे हात कोणाचे? ते डोळ्यांना न दिसणाऱ्या नीलहरित जीवाणूंचे. उथळ, प्रकाशमय पाण्यात या जीवाणूंचे असंख्य धागे एकमेकांत गुंतून तळावर एक चिकट साय धरतात. लाटांबरोबर आलेले चुनखडीचे सूक्ष्म कण त्या सायीला चिकटून बसतात. शिवाय सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करताना हे जीवाणू पाण्यातील कर्बवायू शोषून घेतात. त्यामुळे पाण्यात विरघळलेला चुना घट्ट होऊन तेथेच बसतो. कणांचा थर अंगावर साचला, की प्रकाश अडतो. मग जीवाणू हळूहळू सरकत त्या थरावर येतात आणि नवी साय धरतात. खालचा थर दगड होतो, वरचा जिवंत राहतो. अशा रीतीने वर्षाला अर्धा मिलिमीटरही न वाढणारा हा घुमट शतकांमागून शतके उंचावत जातो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क उपसागरात असे जिवंत घुमट आजही आहेत. तेथील पाणी साध्या समुद्राच्या जवळजवळ दुप्पट खारट असल्यामुळे ही साय कुरतडणाऱ्या गोगलगायींसारख्या प्राण्यांचा तेथे फारसा निभाव लागत नाही. एके काळी मात्र असे प्राणी पृथ्वीवर नव्हतेच. तेव्हा उथळ समुद्रांवर या घुमटांचेच राज्य होते. त्यांतील सर्वांत जुने सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

परंतु दगड हे या जीवाणूंचे सर्वांत मोठे देणे नव्हे. अन्न तयार करताना ते प्राणवायू बाहेर टाकीत. आरंभी तो प्राणवायू समुद्रात विरघळलेल्या लोहाशी संयोग पावून गंजाच्या रूपाने तळाशी बसला. जगातील पुष्कळशा लोहखनिजाचे पट्टेदार थर असे घडले. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साचू लागला. आपण आज जो श्वास घेतो, त्याची पहिली शिदोरी या बुळबुळीत थराने बांधून ठेवली आहे.

राजस्थानात चितोडगडजवळ भोजुंदा येथे असे खडक राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपले आहेत. तेथे गेलो असता त्या राखी घुमटांवरून मी हात फिरवला. बोटांना त्या थरांच्या कडा लागत होत्या. त्याच क्षणी आमच्या खाणींकडून निघणारे मालमोटारींचे तांडे डोळ्यांपुढे आले. शंभर किलो शुद्ध चुनखडी भट्टीत भाजली, की छप्पन्न किलो चुना उरतो आणि चव्वेचाळीस किलो कर्बवायू हवेत जातो. जो वायू समुद्राने युगायुगांत दगडात बंद केला, तो आपण एका दिवसात मोकळा करतो. घरे, पूल, शाळा आपल्याला हव्यात, हे खरेच. माझे घरही सिमेंटचेच आहे. पण ज्या वस्तूच्या घडणीला इतका काळ लागला, ती वापरताना हात थोडा आखडता घ्यावा, आणि चार ठिकाणे तरी न फोडता मुलांसाठी राखून ठेवावीत, एवढे आपल्याला अशक्य आहे काय?

मोठी कामे मोठ्यांनीच करावयाची असतात, असे आपण सहज धरून चालतो. पृथ्वीची हवा मात्र ज्यांनी बदलली, त्यांना स्वतःचे हातपायही नव्हते. त्यांच्याजवळ होती केवळ प्रकाशाची ओढ. आणि अंगावर माती साचली, तरी तिच्यावर येऊन पुन्हा कामाला लागण्याची सवय.