पाच पानांचा गृहपाठ

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात कवी केनेथ गोल्डस्मिथ यांनी 'अनक्रिएटिव्ह रायटिंग' नावाचा अभ्यासक्रम शिकविला. त्यात प्रतिभेची चुणूक दिसली की गुण कापले जात. वाङ्मयचौर्याला मात्र शाबासकी! पहिला गृहपाठ असे : कोणत्याही मजकुराची पाच पाने जशीच्या तशी टंकून आणा. अखेरचा त्याहून अचाट : तयार निबंध विकत घ्या, त्यावर आपले नाव घाला आणि वर्गापुढे त्याचे समर्थन करा. त्यांचे याच नावाचे पुस्तक २०११ साली आले. ते वाचताना आम्ही आधी हसलो, मग अस्वस्थ झालो.

गाईडमधले उतारे उतरविल्याबद्दल एका विद्यार्थिनीला आम्ही भर वर्गात शून्य गुण दिले होते. ती काहीच बोलली नव्हती.

परवा कुतूहलापोटी आम्हीच एका कादंबरीची पाच पाने हाताने उतरविली. दुसऱ्याच पानावर लेखकाने न दिलेला स्वल्पविराम आमच्या हाताने घातला. पुढे एक शब्दही नकळत बदलला. मूळ शब्द अधिक खडबडीत होता, आणि नेमका. इतकी वर्षे ही कादंबरी शिकवूनही तो आमच्या नजरेस पडला नव्हता.

त्या मुलीच्या वहीत काय काय बदलले होते, हे आम्ही पाहिलेच नाही.