बागेत कोण येत नाही, ते आधी मोजा

आपल्या नगरपरिषदेच्या बागेचं पुन्हा एकदा 'सुशोभीकरण' होणार आहे. कामाच्या यादीत पेव्हर ब्लॉक आहेत, रंगीत दिवे आहेत, कारंजं आहे, सेल्फी पॉइंट आहे. गावाच्या नावाशेजारी लाल बदाम लावलेला तो बोर्डही आहे. नाही ती एकच गोष्ट. आज या बागेत कोण येतं, कधी येतं, किती वेळ थांबतं आणि कोण अजिबात फिरकत नाही, याचा एक कागद फायलीत नाही. सभा संपल्यावर एका पदाधिकाऱ्यांना विचारलं, तर म्हणाले, "अहो, बाग लोकांसाठीच आहे की. लोक येतातच."

'लोक' हा शब्द फार सोयीचा. त्यात सगळे बसतात आणि कोण बाहेर राहिलं ते दिसत नाही.

म्हणून मागच्या आठवड्यात चार दिवस वेगवेगळ्या वेळी बागेत आणि गेटसमोरच्या टपरीवर बसलो. सकाळी बहुतेक निवृत्त मंडळी आणि चालायला येणारे पुरुष. संध्याकाळी घसरगुंडीपाशी लहान मुलं, त्यांना सांभाळायला आया आणि आज्या. हिरवळीचा मोठा तुकडा क्रिकेटवाल्या पोरांकडे. सातवी-आठवीच्या पुढच्या मुली जवळपास नाहीतच. ज्या दिसल्या त्या आईबरोबर एक चक्कर मारून परत. दुपारी गेटला कुलूप. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून आलेल्या बाया त्याच गेटबाहेर, कंपाउंडच्या सावलीत पिशव्या घेऊन एसटीची वेळ होईपर्यंत बसलेल्या. आत झाडांखाली बाकडी रिकामी.

आणि पहाट? पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्याची तयारी करणारी आपली पोरं-पोरी अंधारात बायपासवर धावतात, शेजारून उसाचे ट्रॅक्टर आणि ट्रक जातात. बागेचं गेट सहाला उघडतं. तोवर त्यांचं धावणं उरकलेलं असतं.

हे प्रश्न फक्त आपल्याच गावचे नाहीत. ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, १९९६-९७ मध्ये सार्वजनिक बागांचा अभ्यास झाला. नऊ-दहा वर्षांच्या पुढं मुली बागेत यायच्या झपाट्यानं कमी होतात, मुलं मात्र येत राहतात, असं त्यात दिसलं. कारण साधंच निघालं. मोकळी जागा एकच मोठी असली की तिचा ताबा मुलं घेतात, आणि मुली तिथं भांडत बसत नाहीत, निघून जातात. मग १९९९ पासून दोन बागांत बदल करून पाहिले. पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली, आणि मोठ्या मैदानाचे झाडाझुडपांनी छोटे भाग पाडले. मुली परत यायला लागल्या. त्यासाठी मुलांना हाकलावं लागलं नाही. जागेची मांडणी बदलली, एवढंच.

अमेरिकेत रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेनं २५ शहरांतल्या १७४ बागा अशाच पाहिल्या. तिथं लोकसंख्येत ज्येष्ठ साधारण २० टक्के, पण बागेत येणाऱ्यांत जेमतेम ४ टक्के. आणखी एक निष्कर्ष आपल्या कामाचा आहे. चालण्यासाठी गोल रस्ता असलेल्या बागांत, तो नसलेल्या बागांपेक्षा सुमारे ८० टक्के जास्त माणसं आढळली. कारंजं नाही, सेल्फी पॉइंट नाही. चालायला धड वाट.

रँडच्या अभ्यासाची पद्धत ऐकाल तर हसाल, इतकी सोपी आहे. बागेचे भाग पाडायचे. ठरलेल्या वेळी, दिवसातून तीन-चारदा, प्रत्येक भागात नजर फिरवायची. वहीत रकाने : पुरुष की बाई, लहान, किशोर, मोठे की ज्येष्ठ, बसलेले, चालणारे की खेळणारे. एक आठवडा हे केलं की बाग कुणाची आहे ते कागदावर येतं. नाव विचारायचं नाही, फोटो काढायचा नाही.

आता दुसरी बाजू. दुपारी गेट का बंद, असं माळीकाकांना विचारलं. म्हणाले, "साहेब, उघडं ठेवलं की पत्त्यांचे डाव बसतात, बाटल्या मला उचलाव्या लागतात. मी एकटा काय काय बघू?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण एक बघा, कुलूप असतानाही मागच्या पडलेल्या भिंतीवरून पत्तेवाले आत जातातच. बाहेर राहते ती पिशवी घेतलेली बाई. कुलूप नेमकं तिलाच अडवतं. बाग राखायची तर आत चांगल्या माणसांची वर्दळ हवी आणि माळीकाकांच्या जोडीला आणखी एक माणूस हवा. रंगीत दिव्यांच्या पैशांतून एका राखणदाराचा पगार किती महिने निघेल, हे बांधकाम विभागानं एकदा मांडून दाखवावं.

वेळ बदलता येते, हेही सांगतो. बंगळुरूच्या बागा पूर्वी दुपारी बंद असायच्या. २०२४ मध्ये त्या पहाटे ५ ते रात्री १० पर्यंत सलग उघड्या ठेवायचा निर्णय झाला. त्याला पेव्हर ब्लॉक लागत नाही, ठराव लागतो.

त्यामुळे माझं मागणं लहान आहे. टेंडर काढण्याआधी एक आठवडा मोजणी करा. कॉलेजच्या एनएसएसची मुलं-मुली हे काम आनंदानं करतील, खर्च वह्या-पेनांचा. त्यात पहाट आणि दुपार धरा, बाजाराचा दिवस धरा. आणि नुसतं आत मोजून थांबू नका. जे आत नाहीत त्यांना बाहेर जाऊन विचारा. कन्या शाळेत नववीच्या वर्गात विचारा. बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींना विचारा. बायपासवर धावणाऱ्या पोरींना विचारा. काठी टेकत चालणाऱ्या आजोबांना विचारा की गेटची ती उंच पायरी कशी चढता. व्हीलचेअरवरच्या माणसाला विचारायची तर गरजच नाही. त्या पायरीनं त्याचं उत्तर आधीच दिलंय.

मग कदाचित यादी बदलेल. कारंज्याच्या जागी उतार येईल, सेल्फी पॉइंटच्या जागी बायांसाठी स्वच्छ मुतारी येईल. खर्च कदाचित कमीच होईल. अर्थात ज्यांचं गणित खर्च वाढण्यावर चालतं, त्यांना हे आवडणार नाही, त्याला इलाज नाही.

वीस वर्षं नगरपरिषद कव्हर करतोय. या बागेची तीन उद्घाटनं पाहिली. तिन्ही वेळा फीत वेगळी, नारळ वेगळा, पाहुणे वेगळे. आठवीतली मुलगी तिन्ही वेळा बाहेरच होती. चौथ्या उद्घाटनाची पत्रिका छापायच्या आधी तिला एकदा विचारा, तुला इथं यायला काय लागेल? येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, असं लेखी पत्र मी सोमवारी देतोय. ज्यांना सही करायची असेल त्यांनी रविवारी संध्याकाळी पाच वाजता गेटवर या. आत नको, गेटवरच. कोण बाहेर राहतं ते तिथून नीट दिसतं.