चाव्या दोन, गाडी ठप्प!
सकाळचे सव्वासात. आठला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि माझी सेकंडहँड लाडकी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद! डॅशबोर्डवर चावीचं लाल चित्र वेड्यासारखं लुकलुकतंय. सर्व्हिस सेंटरवाल्याने फोनवरच ‘ईसीयू गेला असणार, मॅडम’ असं सांगून टाकलं. (म्हणजे माझं महिन्याचं मानधन गेलं.) किचनमधल्या वजनकाट्याचा बटनसेल काढून रिमोटमध्ये घातला. ढिम्म. उपयोग होणारच नव्हता म्हणा, कारण इमोबिलायझरच्या चिपला सेल लागतच नाही. इग्निशनभोवतीची कॉइल तिला वीज पुरवते आणि तिचा कोड वाचते. कोड पटला नाही, की इंजिनाचं पेट्रोल बंद!

शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांना फोन लावला. त्यांचा एकच प्रश्न, ‘‘चावीला अजून काय अडकवलंयस?’’

बघते तर स्पेअर चावी!

‘‘तू हरवशील म्हणून मीच अडकवली रात्री,’’ आई.

दोन्ही चिप्स एकदम बोलायला लागल्या, की कॉइलला एकीचंही धड ऐकू येत नाही. स्पेअर बाजूला काढली, गाडी सुरू. नुसती स्पेअर लावली, तरीही सुरू. पुन्हा दोन्ही एकत्र लावून बघायचा भारी मोह होत होता, पण आई सीटबेल्ट लावून घड्याळ दाखवत बसली होती.