मोबाइल कुलपात ठेवला, आणि पोरगं गप्प झालं

परवा रविवारी उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात पाच-सहा पालकांनी मला गाठलं. "सर, संडे स्कूलमध्ये पोरायले जरा मोबाइलचं समजवा ना. आमचं तर कोणी ऐकतच नाही." मी मान डोलावली. खरं तर माझ्याच घरात हे फसलं होतं. तिथं सांगायचा धीर झाला नाही, म्हणून इथं लिहितो.

माझा मुलगा सातवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत दिवसभर गेम चालायचा, म्हणून मी मोबाइल काढून कपाटात कुलूप लावून ठेवला. घर शांत झालं. मला वाटलं, जिंकलो. पठ्ठ्या मित्राच्या मोबाइलवर खेळत होता. त्या गेमच्या चॅटमध्ये कोणी अनोळखी माणूस मागे लागला, 'फोटो पाठव, डायमंड देतो.' यानं पाठवला. मग शर्ट काढलेला मागितला. मग धमकी. पोरगं आठ दिवस नीट जेवलं नाही. शेवटी एका रात्री लाइट गेली तेव्हा अंधारात आईजवळ बोललं.

मी विचारलं, "मले काऊन नाही सांगितलं बाबू?"

"पप्पा, तुम्ही मोबाइल कायमचाच बंद केला असता."

यावर मला बोलता आलं नाही.

आम्ही आधी स्क्रीनशॉट घेतले, मग तो आयडी ब्लॉक केला आणि तक्रार दिली. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा, घाबरून चॅट डिलीट करू नका. मुलांसाठी १०९८ हा फुकट नंबर आहे. आणि २०१२ चा पोक्सो कायदा मुलींइतकाच मुलांसाठीही आहे. 'पोरगा आहे, त्याला काय होते' हे वाक्य आपल्याकडे फार चालतं, ते सोडा.

आपल्याच जिल्ह्यात, पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद करण्याचा ठराव घेतला. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. अख्खं गाव एका विषयावर बसलं, याचं कौतुक मला आजही आहे. पण त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं जे केलं, ते आता मला जास्त पटतं. तिथं संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद, आणि तेही मोठ्यांसकट. ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियाची खाती बंद झाली, पण त्या कायद्यात दंड कंपन्यांना आहे, लेकरांना नाही. आपण मात्र सगळा गुन्हा पोराच्या माथी मारतो.

आता आपल्या ख्रिस्ती घरांचं बोलतो, राग येऊ देऊ नका. आपल्याकडे पवित्र शास्त्रही मोबाइलमध्येच आहे. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत डोळे मिटलेले असतात, खिशात फोन थरथरतो आणि मी एक डोळा उघडतो. लेकरू बघतं ना! आणि आम्ही शिक्षक तरी काय करतो? सुवर्णवचन शनिवारी रात्री नऊला व्हॉट्सॲपवर टाकतो. वचन पाठ करायला मोबाइल हातात घेतलेलं पोरगं दुसऱ्या मिनिटाला रील्सवर असतं. तो मोबाइल आम्हीच त्याच्या हातात दिलेला असतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तसंच झालं होतं, पण तेव्हा इलाज नव्हता.

लूकच्या पंधराव्या अध्यायातली उधळ्या पुत्राची गोष्ट मी फ्लॅनेलच्या फळ्यावर चित्रं चिकटवून कितीदा शिकवली असेल. त्यातला मुलगा माफीचं भाषण ठरवून येतो आणि बाप ते पुरतं बोलूही देत नाही, आधीच धावत जाऊन गळ्यात पडतो. माझ्या पोराकडेही भाषण तयार असावं. पण बापाच्या हातात कपाटाची किल्ली होती.

सध्या आमच्याकडे साडेसात ते नऊ सगळ्यांचे फोन फ्रिजवर. प्रार्थनेला छापील बायबल, आईच्या लग्नातलं, बांधणी सुटलेलं. गेम बाहेरच्या खोलीतच. आणि एक शब्द दिलाय, काहीही झालं तरी सांग, सांगितल्यामुळे मोबाइल जाणार नाही. हा शब्द पाळणं सगळ्यात जड जातं. गेल्या आठवड्यात त्यानं खरंच एक भलतीच क्लिप आणून दाखवली, तेव्हा माझा हात आधी फोन हिसकायलाच गेला होता. मॅचच्या दिवशी फ्रिजवरून फोन उचलताना तर मीच पकडला गेलो.

येत्या रविवारी उपासनेनंतर पालक आणि संडे स्कूलचे शिक्षक एकत्र बसू. सुवर्णवचनं मी आता कागदावर लिहून देणार आहे, झेरॉक्सचा खर्च माझा.

ही पोस्ट मुलाला विचारून लिहिली आहे. तो म्हणाला, "लिहा, पण माझ्या शाळेचं नाव टाकू नका." मग घड्याळाकडे बघत म्हणाला, "पप्पा, सात पंचवीस झाले."